त्याआधी कुठले?

यशोधराबाई सबनीसांचं म्हणणं असं, की नवरा दारू प्यायला असता तर परवडलं असतं. दारुडा निदान सकाळी तरी शुद्धीवर असतो. बाळकृष्णराव चोवीस तास मेक्सिकोत!

आणि हे सगळं झालं एका मिरचीपायी. बारा वर्षांपूर्वी, विमा कंपनीतून रिटायर झाल्याच्या पुढच्याच महिन्यात, यशोधराबाईंनी त्यांना सियागंजच्या किराणा बाजारात पाठवलं. वर्षाची लाल मिरची आणायची, एवढंच काम. पण बाळकृष्णरावांना एक खोड. कुणीही भेटला की पहिला प्रश्न, "मूळचे कुठले?" खोड त्यांच्या एकट्याची नाही म्हणा, इंदूरच्या समस्त मराठी माणसांची आहे. सात पिढ्या पोहे-जलेबी खाऊन झाल्या तरी छाती फुगवून सांगतात, आम्ही मूळचे वाईचे, आम्ही मूळचे पैठणचे. सबनीस मूळचे राजापूरचे. ते राजापूर घरात कुणीही पाहिलेलं नाही. बाळकृष्णरावांचे आजोबा एकदा निघाले होते बघायला, तर मानपुरच्या पुढं घाटात मोटारीत उलट्या झाल्या आणि तिथूनच परत फिरले.

तर मिरची. बाळकृष्णरावांनी दुकानदाराला विचारलं, "ही मूळची कुठली?"

"निमाड़ की है भिया. बेड़िया मंडी की."

"नहीं नहीं, उसके पहले?"

दुकानदारानं त्यांच्याकडे नीट बघितलं. "उसके पहले तो भिया, पौधे पे थी."

शहाणा माणूस इथं हसून, पोतं रिक्षात घालून घरी आला असता. हे मिरची तिथंच विसरून लायब्ररीत गेले. संध्याकाळी रिकाम्या हातांनी घरी आले, पण चेहरा असा की मुलगा झालाय. मिरची मूळची मेक्सिकोची! मका मेक्सिकोचा! त्या दिवशी ते मेक्सिकोत जे शिरले ते शिरलेच. पुढ्यात भुट्ट्याचा कीस आला की घास हातात धरून बसायचे. "यशोधरा, हे त्यांचं आहे गं. तिथल्या मूळ लोकांचं."

"असू द्या त्यांचं. तुम्ही खाऊन घ्या, थंड होतंय."

ऐकून ऐकून यशोधराबाईंनाही सगळं पाठ झालं होतं. मेक्सिकोच्या मध्यावर त्लाश्काला नावाचा मुलूख. तिथले लोक स्पॅनिश लोकांच्या बाजूनं लढले, म्हणून स्पॅनिश राज्यात त्यांना मान. पुढं पंधराशे एक्क्याण्णव साली त्यांची चारशेच्या आसपास कुटुंबं उचलून उत्तरेला धाडली. का? तर उत्तरेत ग्वाचिचिल नावाचे रानावनातले लोक होते आणि ते कुणाला म्हणजे कुणाला जुमानत नव्हते. त्यांना वठणीवर आणायचं, त्यांच्या मुलखात वस्ती करायची, त्या बदल्यात त्लाश्कालावाल्यांना जमीन, कर माफ, घोड्यावर खोगीर घालून बसायची परवानगी. त्यातली काही कुटुंबं साल्तियो नावाच्या गावाला खेटून राहिली. तिथं त्यांनी आपलं वेगळं गाव केलं आणि दीड-दोनशे वर्षं आपली भाषा, आपली पंचायत, आपला तोरा सांभाळत बसले.

"म्हणजे बघ, मुलूख एकाचा, हुकूम दुसऱ्याचा, आणि हे तिसरेच येऊन सांगणार, आम्ही मूळचे त्लाश्कालाचे!" बाळकृष्णराव जेवणाच्या टेबलावर हात आपटायचे. "आणि ज्यांचा मुलूख, त्या ग्वाचिचिलांचं पुढं नावसुद्धा उरलं नाही." इथं आले की चष्मा काढून पुसायचे. यशोधराबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा या माणसानं एक टिपूस काढलं नव्हतं.

ही गोष्ट आपण कुठंतरी ऐकलीय, असं यशोधराबाईंना पहिल्यापासून वाटायचं. कुठं, ते मात्र काही केल्या आठवायचं नाही.

बाळकृष्णरावांची जन्माची इच्छा एकच. स्नेहवर्धक मराठी मंडळाच्या शारदीय व्याख्यानमालेत साल्तियोवर बोलायचं. नऊ वर्षं अर्ज केला आणि नऊ वर्षं मंडळाचे कार्यवाह पांडुरंगराव म्हणाले, "सबनीस, विषय जरा जवळचा घ्या ना यार." यंदा पुण्याचे वक्ते ऐनवेळी आजारी पडले आणि पांडुरंगरावांचा फोन आला. बाळकृष्णरावांनी त्याच दिवशी कोट लाँड्रीत टाकला.

मंडळाचा एक नियम इथंच सांगून ठेवते. व्याख्यान संपलं की श्रोते चिठ्ठ्यांवर प्रश्न लिहून स्टीलच्या डब्यात टाकतात, आणि वक्त्यानं एकूणएक चिठ्ठी मोठ्यानं वाचून उत्तर द्यायचं. एकही चिठ्ठी परत जाता कामा नये. या नियमापायी केसांच्या औषधावर बोलायला आलेल्या एका वैद्यांना स्वतःच्या टकलावर वीस मिनिटं बोलावं लागलं होतं. संस्थापकांचा नियम आहे. इंदुरात एक वेळ सिग्नल तोडतील, पण हा नियम नाही तोडणार.

व्याख्यानाच्या पंधरा दिवस आधी, एका रविवारी, त्यांची मुलगी ईशा आपल्या ऑफिसमधल्या एकाला चहाला घेऊन आली. ईशा सरकारी पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत. हा अरविंद डावर, गुरांचा डॉक्टर. उंच, सावळा, बोलायला संथ. यशोधराबाईंनी ईशाकडे एकदा बघितलं, त्याच्याकडे एकदा बघितलं आणि चिवड्याऐवजी मुकाट्यानं काजू काढले. आईला काय सांगावं लागतं?

बापाला मात्र सगळंच सांगावं लागतं. बाळकृष्णराव खुर्ची पुढं ओढून सुरू झाले.

"मूळचे कुठले तुम्ही?"

"मानपुर, सर."

"हो हो, पण त्याआधी?"

"उसके पहले भी मानपुर."

"अहो, म्हणजे पूर्वज वगैरे. बाहेरून आले असतील ना कुठून? राजस्थान? गुजरात? उसके पहले?"

अरविंदनं कप खाली ठेवला. "उसके पहले सर, मानपुर नहीं था. हम थे. भील हैं हम लोग."

बाळकृष्णराव उठून उभेच राहिले. आयुष्यभर जो प्रश्न विचारला त्याला तळ लागलेला त्यांनी पहिल्यांदाच बघितला. "यशोधरा!" ते ओरडले, जणू त्या पलीकडच्या खोलीत होत्या. "मूळनिवासी! आपल्या घरात!" मग काय विचारता! गुरांच्या डॉक्टरला त्यांनी पाऊण तास ग्वाचिचिल समजावले. "तुम्ही माझ्या व्याख्यानाला यायचंच. पहिल्या रांगेत. घरच्यांनाही आणा."

"माँ को लाऊँगा," अरविंद म्हणाला. त्याची आई जनाबाई, सरकारी शाळेतून हेडमास्तरीण म्हणून रिटायर झालेली.

निघता निघता बाळकृष्णरावांनी त्याला भिंतीवरची सनद दाखवली. काचेत बसवलेला मोडी कागद. मोडी घरात कुणाला वाचता येत नाही, पण कागदात काय आहे ते बापानं मुलाला सांगत सांगत इथवर आलेलं. "ही होळकर दरबारची सनद. आमच्या पूर्वजांना जमीन दिली. करमाफीसकट. मानपुरच्या घाटाचा बंदोबस्त केला म्हणून."

अरविंदनं काचेजवळ वाकून कागद बघितला. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "बंदोबस्त किसका किया था, सर?"

"किसका म्हणजे... घाटात ते... उपद्रव देणारे..." बाळकृष्णरावांना ठसका लागला. यशोधराबाई पाणी आणायला आत गेल्या आणि ओट्यापाशी जागच्या जागी थांबल्या. गोष्ट कुठं ऐकली होती ते आठवलं. ऐकली नव्हती, भिंतीवरची रोज फडक्यानं पुसली होती!

ईशानं त्याच संध्याकाळी सांगून टाकलं. दोन वर्षं एकमेकांना पसंत करतोय, लग्न करायचंय. बाळकृष्णरावांचं मेक्सिको झर्रकन उतरलं. असा माणूस यशोधराबाईंनी आधी पाहिलाच नव्हता. ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, "मुलगा चांगला आहे. पण ईशा, व्याख्यान वेगळं, व्याही वेगळे."

"बाबा, तुम्ही त्यांच्यासाठी रडता."

"ते मेक्सिकोचे. त्यांच्यासाठी रडणं निराळं. इथं चार लोकांत राहायचंय मला."

ईशाचं नाक लाल झालं, पण आवाज हलला नाही. "ठीक आहे. पुढच्या महिन्यात अरविंदची बदली आहे. कोर्टात जाऊन लग्न करेन आणि जाईन. तुम्ही आला नाहीत तर मी पण मग या घरी नाही येणार. धमकी नाही देत आहे बाबा. मला येववणारच नाही." आणि ती खोलीत गेली.

एकुलती एक पोर. ती असं बोलते तेव्हा तसंच करते, हे यशोधराबाईंना तिच्या चौथीपासून माहीत. त्या तडक नवऱ्याच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. "चारशे वर्षांमागच्या लोकांसाठी चष्मे पुसता आणि घरातली पोर चालली तर कोरडे? लाज वाटत नाही?"

"तुला कळत नाही, मंडळात लोक काय म्हणतील..."

"मंडळात!" यशोधराबाई म्हणाल्या, आणि बोलता बोलता गप्प झाल्या. मंडळ. चिठ्ठ्या. स्टीलचा डबा. त्या इतक्या शांतपणे भांडी घासायला गेल्या की बाळकृष्णरावांना वाटलं, पटलं वाटतं हिला.

अरविंदला आणि त्याच्या आईला नको म्हणायची सोय नव्हती, आमंत्रण ह्यांनीच तोंडानं दिलेलं. व्याख्यानाच्या दिवशी दोघं पहिल्या रांगेत येऊन बसली. जनाबाई ठेंगणी, पांढऱ्या केसांची, कडक स्टार्चची साडी, मांडीवर पर्स. मुलानं आईला सगळं सांगितलेलं होतं, नकारासकट. तरी ती आली होती. ईशा त्यांच्या शेजारी बसली. यशोधराबाई मागं, डब्याजवळ.

बाळकृष्णराव खरंच चांगलं बोलले. खोटं कशाला बोला. दीडशे लोकांतले ऐंशी जागे होते, हा मंडळाचा विक्रम आहे. ग्वाचिचिलांपाशी आले तेव्हा नजर पहिल्या रांगेवर पडली आणि चष्मा पुसायला वर गेलेला हात तसाच खाली आला.

मग डब्यातल्या चिठ्ठ्या मंचावर गेल्या. पहिली चिठ्ठी, मेक्सिकोत शाकाहारी जेवण मिळतं का. मिळतं. दुसरी, वक्ते तिथं कधी गेले होते. गेले नव्हते. तिसरी उघडली. कॅलेंडरच्या पानामागं लिहिलेली चिठ्ठी. अक्षर ओळखीचं. बाळकृष्णराव पस्तीस वर्षं याच अक्षरात हिंग, जिरावन, साबण, अर्धा किलो शेव असं वाचत आलेले. त्यांनी चिठ्ठी घडी करून कोटाच्या खिशाकडे नेली.

"सबनीस," पांडुरंगराव माइकमध्ये म्हणाले. "नियम."

सभागृहात झोपलेलेही उठून बसले. बाळकृष्णरावांनी चिठ्ठी परत उलगडली आणि वाचली. "त्लाश्कालावाल्यांना दुसऱ्याच्या मुलखाचा बंदोबस्त करायला सवलतींचा कागद मिळाला. तसा कागद इंदुरात कुणाच्या दिवाणखान्यात टांगलेला आहे का? असल्यास, ज्यांचा बंदोबस्त केला त्यांच्या घरी मुलगी द्यायला वक्त्यांची हरकत काय?"

मागं यशोधराबाईंना वेगळाच घोर लागला. आपण जास्तच केलं का, भर सभेत नवऱ्याची शोभा केली का, आणि एवढं करून हा माणूस नाहीच म्हणाला तर? पोर तर जाईलच, हाही जाईल.

बाळकृष्णरावांनी माइक जवळ ओढला. मग म्हणाले, "कागद आहे. माझ्या घरी आहे. बारा वर्षं मी साल्तियोचे कागद धुंडाळतोय आणि डोक्यावर टांगलेला कागद मला दिसला नाही." त्यांनी चिठ्ठीकडे परत बघितलं. "दुसरा प्रश्न. हरकत काय. हरकत... तुम्ही."

लोकांत चुळबुळ झाली.

"खरं सांगतो. मुलगा हिरा आहे. मी तुम्हाला भ्यायलो. पांडुरंगराव काय म्हणतील, सराफ्यात कोण काय बोलेल. आता तुम्हाला सगळ्यांना कळलंच आहे, तेव्हा भ्यायला काही उरलंच नाही. हरकत संपली. ईशा, ऐकतेयस ना? संपली हरकत." आणि मग त्यांनी चष्मा काढला. या वेळी पुसून काही उपयोग नव्हता, पाणी थांबेना.

ईशानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पांडुरंगरावांनीच पहिली टाळी वाजवली, त्यांची तर भीड चेपायलाच कुणीतरी हवं होतं. त्यांची पुतणी गेल्या वर्षी एका सिंध्याबरोबर पळून गेली होती आणि ते सगळ्यांना ती कॅनडात शिकतेय असं सांगत होते.

बाळकृष्णराव खाली उतरले. चालणं एखाद्या दानशूरासारखं. जनाबाईंपुढं हात जोडून उभे राहिले आणि डोळे मिटून वाट बघू लागले. आता त्या भारावून काहीतरी म्हणणार.

जनाबाईंना मराठी निम्मी कळली होती, निम्मी अरविंदनं कानात सांगितली होती. त्यांनी पर्सची चेन लावली. "अच्छा बोले आप," त्या म्हणाल्या. "आपने हाँ कर दी, ठीक है. अब हमको सोचना पड़ेगा."

बाळकृष्णरावांनी डोळे उघडले. "क्या सोचना पड़ेगा?"

"आप लोग बाहर के हो ना. पूछताछ करनी पड़ती है. इतवार को घर आओ."

यशोधराबाईंना हसू आवरेना. पदर तोंडात कोंबून त्या डब्यामागं वाकल्या. पांडुरंगरावांना वाटलं, रडतायत, म्हणून त्यांनी पाणी आणलं.

रविवारपर्यंत बाळकृष्णराव धड जेवले नाहीत. "बाहरचे? आम्ही? सव्वादोनशे वर्षं!" असं घरभर बोलत फिरत होते. महूवरून मानपुरला जाताना गाडीतही तेच. ईशा मागं नखं खात बसली होती. तिच्या दोन वर्षांच्या प्रेमाचा निकाल आता भलत्याच कोर्टात लागणार होता आणि तिथं बाबांचं तोंड बंद ठेवायची जबाबदारी आईवर होती.

जनाबाईंचं घर हायवेपासून आत, मागं मक्याचं शेत. त्यांनी पाहुण्यांना अंगणात खाटेवर बसवलं, पाणी दिलं, आणि हेडमास्तरणीनं पोराला उभं करावं तसं विचारलं, "मूल में कहाँ के हो आप?"

बाळकृष्णराव ताठ झाले. हा प्रश्न तर त्यांचाच! "राजापुर. कोंकण."

"देखा है?"

"...नहीं."

"पिताजी ने देखा था?"

"नहीं."

"दादाजी ने?"

बाळकृष्णरावांनी बायकोकडे बघितलं. "आधे रास्ते तक गए थे," यशोधराबाई म्हणाल्या. "यहीं से लौट गए. आपके घाट में तबीयत बिगड़ गई थी."

"हमारा घाट है ही ऐसा," जनाबाई म्हणाल्या. हसल्या की नाही, कळलं नाही. "तो राजापुर आपने देखा नहीं. और यहाँ के हैं, ऐसा आप खुद नहीं बोलते. मैं बिरादरी में क्या बताऊँ, समधी कहाँ के हैं?"

बाळकृष्णरावांनी आयुष्यभर जगाला हा प्रश्न विचारला, पण कुणी त्यांना "त्याआधी" असं विचारलं नव्हतं. ते खाटेवर एकदम म्हातारे दिसायला लागले. यशोधराबाईंना पहिल्यांदाच त्यांची दया आली. बिचाऱ्याला बहात्तराव्या वर्षी गावच नाही.

अरविंदनं ताटं आणली. मक्याची रोटी, लाल मिरचीची चटणी. यशोधराबाईंनी डोळ्यांनी सांगितलं, अहो, नका. पण रोटी बघितल्यावर राहवतंय होय!

"ये मक्का," बाळकृष्णराव म्हणाले, "ये मूल में मेक्सिको का है. मिर्ची भी."

ईशानं डोळे मिटून घेतले.

जनाबाईंनी शेताकडे बघितलं, मग ताटाकडे. "होगा," त्या म्हणाल्या. "मेरे दादा के टाइम से तो इधर ही है. अब इसको वापस थोड़े भेजेंगे." मग यशोधराबाईंकडे वळल्या. "लड़की कहाँ पैदा हुई?"

"इंदौर में," यशोधराबाई म्हणाल्या. "पक्का. मैं वहीं थी."

"बस. तो लड़की तो इधर की हुई." जनाबाईंनी आणखी एक रोटी घेतली आणि ईशाच्या ताटात वाढली. "माँ-बाप का क्या है, निभा लेंगे."